उतरणे बिघडले तर पुन्हा वर जावे



धानाची मळणी आटोपत आली आहे. तणशीचे ढीग रचून झाले आहेत आणि संध्याकाळी दोन घटका बसून वाचायला सवड मिळू लागली आहे. म्हणून या खेपेस खोडकिडा नको, तुडतुडे नकोत आणि खताची मात्राही नको. आज विमानाविषयी लिहितो. हसू नका. विषय शेतकऱ्याच्याच घरचा आहे.

गेल्या पंधरवड्यात आमच्या रामटेक तालुक्यातील एक शेतकरी सहकुटुंब माझ्याकडे आले. पाच एकर जमीन, त्यात दीड एकर संत्रा, बाकी धान. मुलगी बारावी झालेली आणि हुशार. तिला वैमानिक व्हायचे आहे. बाप तीन एकर काढायला तयार होता, पण माय तयार नव्हती. बारामतीकडे शिकाऊ विमान शेतात पडल्याची बातमी तिने कधीतरी पाहिली होती. ती मनातून जात नव्हती.

"साहेब, तुमी बीयस्सी झाले. सांगा बरं," ती म्हणाली, "वर गेलेलं विमान चांगलं चालते म्हणतात. मंग उतरतानाच काहून पडते?"

मी शेतकी पदवीधर. मला त्यातले काय कळणार? पण प्रश्न खरा होता आणि त्यावर तीन एकर जमीन अवलंबून होती. म्हणून वाचले, चार ठिकाणी विचारले आणि नागपूरला एका निवृत्त उड्डाण प्रशिक्षकांकडे जाऊन दोन तास बसलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. ज्यांच्या घरात विमानाचे नावही नाही त्यांनीही वाचावे. त्यांच्या कामाचे काही शेवटी आहे.

प्रथम काय घडले ते पाहू. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच उड्डाणाला निघालेल्या २२ वर्षांच्या एका शिकाऊ मुलीचे छोटे विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात, शेतात कोसळले. विमानाचा चुराडा झाला, मुलगी किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने पडली. १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ. जीव कोणाचा गेला नाही, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी बारामतीतच उतरलेल्या एका शिकाऊ विमानाचे पुढचे चाक निखळले. आत एकटा असलेला विद्यार्थी सुखरूप बाहेर आला.

आपल्या अंगाला, भंडाऱ्यापलीकडे गोंदिया जिल्ह्यात बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. तिथे आज वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तिथली दोन विमाने मात्र वाचली नाहीत. २६ एप्रिल २०१७ रोजी एक विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या दोरखंडाला अडकून नदीत पडले. १८ मार्च २०२३ रोजी दुसरे बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले. दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी असे दोघे दोघे गेले. हे दोन्ही अपघात उतरतानाचे नव्हेत. पण मायबापांनी माहिती घ्यायची तर पूर्ण घ्यावी, म्हणून सांगितले.

छोट्या विमानांच्या अपघातांत उतरतानाचे अपघात संख्येने फार असतात. त्यातले बहुतेक चाक मोडणे, पंखा जमिनीला लागणे, पट्टी सोडून गवतात जाणे असे असतात. त्यांत जीव क्वचित जातो. जीव जातो तो बहुधा जमिनीला टेकण्याआधी, शेवटच्या वळणावर. हा फरक ध्यानात ठेवावा.

आता उतरतानाच असे का घडते?

आपल्या गडाचे उदाहरण घ्या. गडमंदिर चढताना दम लागतो, पण पाय घसरतो तो उतरताना. भरलेली बंडी उतारावर आणली की बैलांपेक्षा धुरकऱ्याची परीक्षा होते. विमानाचेही तसेच आहे. वर असताना चूक झाली तर खाली मोकळी हवा असते आणि सुधारायला वेळ असतो. जमिनीजवळ ही सवड संपते.

शिकाऊ विमान म्हणजे केवढे? सेसना १५२ नावाचे दोन आसनांचे विमान पुष्कळ ठिकाणी शिकवायला वापरतात. इंजिन ११० अश्वशक्तीचे. दोन माणसे व इंधन धरून जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. आपला ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे हे विमान ट्रॅक्टरच्या निम्म्याहूनही हलके आणि वर पंख पसरलेले. वाऱ्याची झुळूक ट्रॅक्टरला कळतसुद्धा नाही, पण या विमानाला ती बाजूला लोटते.

हे विमान पट्टीकडे येते तेव्हा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटरच्या दरम्यान असतो. तो ८०च्या खाली गेला की पंख विमानाला पेलून धरू शकत नाहीत. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. इंजिन चालू असूनही विमान खाली बसते. वळताना तर ही मर्यादा ८०हून वर सरकते. आता पाहा. विद्यार्थी पट्टीकडे शेवटचे वळण घेतो. वळण थोडे लांबले, पट्टी हुकतेसे वाटले, म्हणून तो विमान जोराने आत वळवतो आणि नाक वर ओढतो. वेग घटतो आणि एका बाजूचा पंख आधी बसतो. विमान गिरकी घेऊन खाली येते आणि सावरायला उंची उरलेली नसते. जीव जातो तो असा.

पट्टीवर आल्यानंतरचे काम नाजूक आहे. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की इंजिन मंद करून नाक हळूहळू वर धरायचे आणि विमान आपणहून बसेल असे करायचे. पंखांखालची दोन मजबूत चाके आधी टेकली पाहिजेत, पुढचे नाजूक चाक मागून. विद्यार्थ्याने नाक फार लवकर वर धरले तर विमान उंचावरच थांबल्यासारखे होते आणि धाडकन आदळते. वेग जास्त ठेवून त्याने विमान जबरदस्तीने खाली दाबले तर पुढचे चाक आधी लागते आणि विमान चेंडूसारखे उसळते. घाबरून तो पुन्हा दाबतो, विमान पुन्हा उसळते. प्रत्येक उसळी आधीच्याहून वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला चाक मोडते, पंखा जमिनीत घुसतो.

वाऱ्याचे गणित तर आपल्या बायाबापड्यांना पुस्तकावाचून येते. उपणायला उभे राहताना आपण आधी चिमूटभर भुसा सोडून वारा कुठला ते पाहतो. विमानतळावर त्यासाठी कापडी पिशवी टांगलेली असते. वाऱ्याच्या तोंडावर उतरायचे असा नियम आहे. हवेत ताशी ११० वेगाचे विमान २० च्या समोरच्या वाऱ्यात जमिनीवर ९० वेगाने टेकते. तोच वारा पाठीमागून असेल तर १३० ने टेकते आणि पट्टी पुरत नाही. वारा आडवा असला तर विमान बाजूला वाहत जाते. वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवून ते सरळ ठेवावे लागते. हे हाताला सवय झाल्याशिवाय येत नाही आणि सवय व्हायची तर चुका होणारच.

मी प्रशिक्षकांना विचारले, "मग यावर उपाय काय?"

ते म्हणाले, "उपाय पहिल्या दिवसापासून शिकवतो. उतरणे बिघडते आहे असे वाटले की इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, नाक सावरायचे, वर जायचे, पूर्ण फेरी मारून पुन्हा यायचे. याला गो-अराउंड म्हणतात. हात सगळ्यांचे शिकतात हो, मन शिकत नाही. परत वर जाणे म्हणजे नापास होणे असे पोरांना वाटते. बिघडलेले उतरणे ओढूनताणून नीट करू पाहतात आणि त्यातच मोडतात."

बरे, ही गोष्ट पोराठोरांचीच आहे असेही नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या जागतिक संस्थेचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मोठ्या प्रवासी विमानांविषयी आहे. पट्टीकडे येताना वेग किंवा उंची नीट बसलेली नाही अशा शंभर प्रसंगांपैकी जेमतेम तीन वेळा वैमानिक परत वर जातात, असे त्यात दिसते. नियम माहीत असतो, अनुभव असतो, तरी बाकी सगळे तसेच उतरू पाहतात. बहुतेकांचे निभावते आणि निभावते म्हणून सवय होते.

हे ऐकले आणि मला माझीच एक गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीची. एका शेतकऱ्याच्या बांधीत सुधारित धानाचे प्रात्यक्षिक घ्यायचे होते. पाऊस लांबला. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असताना रोवणी व्हायला हवी, ते ४५ दिवसांचे झाले. तो शेतकरी म्हणाला, "साहेब, हे पऱ्हे आता कामाचे नाहीत. राहू द्या, दुसरं काही पेरतो." पण वरिष्ठ पाहणीला येणार होते, फलक रंगवून झाला होता. मी रोवणी करायला लावली. फुटवे आले नाहीत. पाहणी झाली, फोटो झाले आणि त्या माणसाचा हंगाम गेला. त्याने मला कधी बोल लावला नाही, म्हणून ते अजून सलते. त्या दिवशी "चुकले, थांबू या" एवढे म्हणायला मला लाज वाटली. जमिनीवर होतो, म्हणून नुकसान एका हंगामावर भागले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मायबापांनी हा भाग दोनदा वाचावा.

वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. एकूण खर्च ४०-५० लाखांच्या घरात आणि पुष्कळदा त्याहून अधिक जातो. उड्डाणाच्या एका तासाची किंमत हजारांत मोजावी लागते. बिघडलेले उतरणे सोडून पुन्हा फेरी मारायची तर पाच-दहा मिनिटे जादा लागतात. त्या मिनिटांचेही पैसे पडतात. ज्या पोराच्या घरची जमीन गहाण आहे, त्याला ही फेरी फुकट गेल्यासारखी वाटते. विमानात आसने दोन असली तरी तिसरे कोणी तरी तिथे बसलेले असते. ते म्हणजे घरचे कर्ज. ते कानाशी म्हणत राहते, 'उतरव आता, किती पैसे घालवशील?'

म्हणून ज्यांची मुले-मुली या शिक्षणाला जातात त्यांना माझी विनंती आहे. फोनवर दर वेळी "किती तास झाले? केव्हा संपते?" असे विचारू नका. "जमीन विकून पाठवलं, ध्यानात ठेव" हे वाक्य तर कधीच उच्चारू नका. तिला ते ठाऊक असतेच. उलट जाताना सांगा, "बाई, शंभरदा फेरी मारावी लागली तरी मार. ते पैसे आम्ही आधीच धरले आहेत." आणि खरेच ते आधी धरा. संस्थेने सांगितलेल्या रकमेवर निदान दहावा हिस्सा वेगळा ठेवा. तो नसेल तर एक वर्ष थांबा. थांबण्याने परवाना बुडत नाही.

संस्था निवडताना चमकदार माहितीपत्रकाला भुलू नका. बियाणे घेताना पिशवीवरचे चित्र पाहत नाही, उगवणशक्ती पाहतो, तसे करा. विमाने किती आणि त्यांतली आज उडण्याजोगी किती? प्रशिक्षक किती? गेल्या दोन वर्षांत किती विद्यार्थ्यांचे २०० तास पूर्ण झाले? अपघात झाले असतील तर त्यानंतर काय बदलले? आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा, "विद्यार्थी उतरणे सोडून वर गेला तर तुम्ही त्याला काय म्हणता?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या.

१ ऑक्टोबर २०२५ पासून महासंचालनालय उड्डाण संस्थांची प्रतवारी दर सहा महिन्यांनी जाहीर करू लागले आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. १३ संस्था ब श्रेणीत आणि २२ क श्रेणीत होत्या. ताजी यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. सगळे पैसे एकदम तर मुळीच भरू नका. आणि जमिनीचा व्यवहार करण्याआधी मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. त्यात काही निघाले तर जमीन तरी हातात राहील.

आता ज्यांच्या घरी पायलट नाही त्यांच्यासाठी. विमान कोणाच्याही शेतात उतरू शकते. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी शिकाऊ विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले. जखमी विद्यार्थिनीला तिथल्या आदिवासी बांधवांनी लुगड्याची झोळी करून, बांबूला बांधून खाली आणले. रस्ता नव्हता, पाऊस होता. तिचे प्राण वाचले ते त्या माणसांमुळे. तेव्हा पुढील गोष्टी घरात सर्वांना सांगून ठेवा.

विमान पडल्याचे दिसताच ११२ वर फोन करावा. गावाचे नाव, शिवार आणि जवळचा रस्ता नेमका सांगावा.

जवळ जाताना विडी-काडी दूर ठेवावी. या विमानांत पेट्रोलसारखे किंवा डिझेलसारखे इंधन असते आणि ते पंखांत भरलेले असते. पंख फुटला की गळती लागते. ट्रॅक्टर, मोटारसायकल चालू स्थितीत जवळ आणू नये.

पुढचा पंखा थांबलेला दिसला तरी त्याला हात लावू नये. तो अचानक फिरू शकतो.

आग नसेल तर जखमीला ओढून काढू नये. मान व पाठ हलू न देता धीर द्यावा. आग किंवा धूर असेल तर मात्र वाट न पाहता बाहेर काढावे.

विमानाचे तुकडे उचलू नयेत, घरी नेऊ नयेत. अपघाताचा तपास करणारा सरकारी विभाग आहे. कुठला तुकडा कुठे पडला यावरून कारण कळते. आपण उचललेल्या एका तुकड्यामुळे पुढचा अपघात टळायचा राहून जाईल. पिकाचे नुकसान झाले असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा.

धावपट्टीच्या आसपास ज्यांची शेते आहेत त्यांनी मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये. त्यावर घारी-गिधाडे जमतात आणि ती विमानाला धडकतात. पट्टी मोकळी दिसली म्हणून तिथे गुरे चारू नयेत, धान वाळत घालू नये. तणस जाळू नये, त्या धुरात शिकाऊ पोराला पट्टी दिसत नाही. आणि फवारणीचा ड्रोन परवानगीशिवाय त्या भागात उडवू नये.

असो. तुम्ही विचाराल, त्या कुटुंबाचे काय ठरले? मी त्यांना हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. वर लिहिले ते सगळे सांगितले. बापाने हिशेब पुन्हा मांडला. तीन एकराऐवजी संत्र्याचा हा बार पाहून पुढच्या वर्षी ठरवू, असे म्हणाला. मुलीचे तोंड उतरले. तेव्हा तिची माय, जी पहिल्यापासून नको म्हणत होती, तीच तिला म्हणाली, "थांबली म्हणजे हरली नाही बापा. तू एक फेरी मार अन् मंग ये."

तिला मी विमानातले अजून काही सांगायचे होते. पण त्यानंतर सांगण्यासारखे उरले नव्हते.

पुढच्या खेपेस उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांविषयी लिहीन. पऱ्हे वेळेत टाका आणि वेळ टळली तर दुसरे पीक घ्या. त्यात कमीपणा नाही.